शिकार बंदच राहू दे, पण शिकाऱ्याचं तोंड कशाला बंद करताय?

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता आणि कुणाच्या तरी डोक्यातून चांगली आयडिया निघाली की यंदा पाहुणे-बिहुणे नकोत, गावातल्याच ऐंशीच्या पुढच्या माणसांना स्टेजवर बसवा आणि जुन्या गोष्टी सांगू द्या. दोन आज्या ७२ च्या दुष्काळावर बोलल्या, खडी फोडणं, सुकडी, मैलोन् मैल पाण्याची पायपीट, लोकांनी डोळे पुसले. मग एक तात्या उठले, वय सत्त्याऐंशी, आणि त्यांनी थेट सुरुवात केली ती त्यांच्या तरुणपणी माळावर हरणाची शिकार कशी व्हायची इथून. वारा कसा बघायचा, कळपात पहारा कोण देतं, पोटावर किती वेळ सरकायचं. पाचेक मिनिटं झाली असतील, 'आणि जखमी झालेलं जनावर जर' एवढं तोंडात असतानाच माइक बंद. कुणीतरी कानाला लागून सांगितलं, तात्या, व्हिडिओ चालू आहे, हे गुन्ह्यात बसतं. तात्या गप खाली बसले. व्हिडिओ व्हायचा तो पसरलाच आणि दोन दिवसांत गावात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे या म्हाताऱ्यावर केस टाका, मुक्या जिवाच्या हत्येचं कौतुक सांगतोय. दुसरी म्हणे बरोबर बोलले तात्या, आपल्या बापजाद्यांची परंपरा आहे, आज हरणं सगळी पेरणी खातायत, उघडा शिकार.

मला दोन्ही पार्ट्यांचं लॉजिक कळलेलं नाही. दोघांनी मिळून एकच चूक केलीय, शिकार आणि शिकारीचं ज्ञान या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. एकाला पोतं नदीत फेकायचंय, दुसऱ्याला पोत्यासकट बंदूक परत पाहिजे. माझं मत आधीच सांगून टाकतो. शिकारबंदी योग्य आहे, ती उठवू नये, 'परंपरा' या कारणासाठी तर अजिबातच नाही. पण तात्यांसारख्यांना, आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त फासेपारध्यांना, जनावराबद्दल जे माहीत आहे ते उघडपणे सांगता आलं पाहिजे, लिहून ठेवलं गेलं पाहिजे आणि वनखात्याने, शेतकऱ्याने, अभ्यासकाने ते वापरलं पाहिजे. तेही फुकटात नाही, पैसे देऊन.

आधी त्या 'गुन्ह्यात बसतं' चं बघू. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली, म्हणजे त्या आज्या ज्या दुष्काळावर बोलल्या त्याच वर्षी. त्याच्या आधी मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता आणि परवाना काढून शिकार चालायची. तात्यांनी बंदूक खाली ठेवली ती ७२ ला. साठ वर्षांपूर्वी काय केलं त्याची आठवण सांगणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे? उद्या कुणी म्हातारा म्हणाला की आमच्या वेळी हुंडा असा ठरायचा, तर त्याच्यावर हुंड्याची केस टाकणार का? आज काळवीट मारलं तर किमान तीन वर्षं आत जावं लागतं आणि जायलाच पाहिजे, पण त्या कायद्याने हात बांधलेत, जीभ नाही.

(जाता जाता: काळवीट हे शास्त्राच्या हिशेबाने हरीणच नाही, ते कुरंग. दरवर्षी शिंगं गाळतात ती चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं. पण आमच्या माळावर सगळ्यांना हरीणच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार, कृपया कुणी दुरुस्त करायला येऊ नका.)

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा. तो असा की जुने शिकारी काही संत नव्हते, त्यांच्या ज्ञानाचं एवढं गोडवं गायचं तर मग देश रिकामा कुणी केला? हे शंभर टक्के खरं आहे. चित्ता आपल्याकडून गेला, १९४७ च्या सुमाराला छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या राजाने तीन मारले आणि १९५२ ला तो संपल्याचं जाहीर झालं. त्याआधी कोल्हापूर संस्थानात काळविटावर सोडायला चित्ते पाळायचे आणि इथले मिळेनात तेव्हा आफ्रिकेतून मागवले. विचार करा, जनावर संपलं हे दिसत होतं, तरी खेळ थांबवायचा सोडून जनावर बोटीने आणलं. स्वातंत्र्यानंतर जीप आली, लांबवर फेकणारी बत्ती आली आणि ज्यांना सरपटायला येत नव्हतं तेही रात्रीत चार-चार हरणं टाकायला लागले. तात्या स्वतः सांगतात की पोटुशी मादी मारायची नाही, पाणवठ्यावर बार टाकायचा नाही, पाडसवालीला सोडायचं, हे सगळं आजोबांनी शिकवलं होतं, पण जीप आल्यावर 'कोण विचारतंय, अंधारात नर का मादी कुणाला दिसतंय?' म्हणजे नियम होते आणि ते मोडले. जो नियम एका जीपने मोडतो त्याच्या भरवशावर जंगल ठेवता येत नाही. म्हणूनच कायदा लागला. परंपरावाल्यांनी हे नीट वाचावं, तुमच्या परंपरेला पन्नासच्या दशकात परीक्षेला बसवलं होतं आणि ती नापास झालीय.

पण नापास काय झालं? संयम नापास झाला. जनावराची ओळख नापास झाली नाही, ती आजही तितकीच खरी आहे. मी त्या कार्यक्रमानंतर तात्यांच्या घरी तीन-चार संध्याकाळी जाऊन बसलो आणि वहीत लिहून घेतलं, त्यातलं थोडं इथे देतो म्हणजे आपण कशाबद्दल भांडतोय ते तरी कळेल.

पहिला धडा वाऱ्याचा. कमरेला चुलीतल्या राखेची पुरचुंडी, चिमूट सोडायची आणि कुठं जाते बघायचं. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर घरी जायचं, बाकी सगळी हुशारी फुकट. माळावर वारा दिवसभर बऱ्यापैकी एका दिशेचा असतो, डोंगरात तसं नाही, ऊन चढलं की वारा उताराने वर चढतो आणि दिवस मावळला की खाली उतरतो, म्हणून सकाळी वरच्या अंगाने यायचं आणि संध्याकाळी खालच्या. दुसरा धडा, कुठलं जनावर कशावर जगतं. सांबर नाकाकानावर, काळवीट डोळ्यावर. उघड्या माळावर ते अर्ध्या कोसावरची हालचाल टिपतं, पण हालचालच टिपतं, दगडासारखा बसलेला माणूस त्याला दगडच. म्हणून त्याच्याकडे सरळ कधी जायचं नाही, तिरकं जायचं, नजर द्यायची नाही, दोन पावलं आणि थांबा. बैलगाडीला ते भीत नाही कारण बैलगाडी रोजची. पारधी तर याच्या पुढे गेलेले, शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने चरत चरत निघाल्यासारखं कळपाच्या कडेला जायचे आणि जमिनीत खुंट्या ठोकून फाशांची ओळ लावायचे. तिसरा धडा मागाचा. खुराच्या कडा धारदार आहेत का पडल्यात, मागावर दव आहे का, मुंगळ्याची किड्याची वाट मागावरून गेलीय का मागाखालून, लेंडी ओली चकचकीत आहे का वाळून फिकी झालीय. नर रोज त्याच जागी लेंड्या टाकतो, ढीगच असतो, तो त्याचा सातबारा. तो ढीग सापडला की नर कुठंही जाऊ दे, परत तिथं येणार. पारध्याने फास तिथं लावला, आज अभ्यासकाला कॅमेरा लावायचा असेल तर त्यानेही तिथंच लावावा.

आणि ते राहिलेलं वाक्य. 'आणि जखमी झालेलं जनावर जर' याच्या पुढे काय होतं ते मी विचारलं. तात्या म्हणाले, "आरं, जखमी झालेलं जनावर जर सोडून घरी आलास, तर त्या राती जेवायचं न्हाई, असं आमच्या आज्याचं होतं." बार लागला तरी लगेच मागे पळायचं नाही, अर्धा घटका-घटका बसून राहायचं, कारण मागे लागलं की ते जीव तोडून लांब पळतं आणि मग कुठंतरी काट्यात दोन दिवस तडफडतं. शांत सोडलं तर जवळच बसतं. मग रक्त बघायचं, फेसाळ लालभडक असेल तर छातीत लागलंय, फार लांब नाही, काळपट असेल तर पोटात, मग दिवस गेला तरी चालेल पण शोधायचंच. ज्यांनी माइक बंद केला त्यांना वाटलं म्हातारा मर्दुमकी सांगणार. तो सांगत होता उपास का धरायचा ते.

आता आजचा उपयोग. दरवर्षी काय होतं, शेतात काम करणाऱ्या बाईमाणसाला नाहीतर फिरायला आलेल्या पोरांना गवतात एकटं पाडस सापडतं, निपचित पडलेलं, आई नाही. लोक चांगल्या मनाने ते उचलतात, घरी नेतात, बाटलीने दूध पाजतात, फोटो काढतात, मग वनखात्याला फोन. पेपरात 'हरणाच्या पाडसाला जीवदान'. तात्या हसले हे ऐकून, वाईट हसले. हरणाची आई पहिले काही दिवस पिल्लाला मुद्दाम गवतात लपवून लांब चरायला जाते, पिल्लू हलत नाही, दिवसातून काही वेळा येऊन पाजते आणि परत जाते, जवळ थांबली तर लांडग्याला पत्ता लागेल म्हणून. म्हणजे ते पाडस अनाथ नव्हतंच, त्याला आपण अनाथ केलं. हे शिकाऱ्याच्या प्रत्येक पोराला माहीत असायचं, कारण लांब उभ्या असलेल्या, उगाच एकाच दिशेला मान वळवणाऱ्या मादीवरून पाडस कुठंय हे ते ओळखायचे. आज हे एका ओळीत शाळेत सांगितलं असतं तर किती पाडसं वाचली असती? पण सांगणार कोण, ज्याला माहीत त्याचा माइक बंद.

इथे हमखास विचारलं जातं की हे सगळं उघड सांगितलं तर चोरटे शिकारी शिकणार नाहीत का? प्रश्न योग्य आहे आणि मी अर्धा मान्यही करतो. फास कसा वळायचा, खटका कसा बसवायचा, हे कुणी व्हिडिओ करून टाकू नये, मीही वहीत लिहिलेलं नाही. पण आज जनावर मरतंय कशाने ते बघा. विदर्भात शेताच्या कडेने तारेत करंट सोडतात, डुकरासाठी म्हणून, त्यात चितळ मरतं, वाघ मरतो, कधी शेजारचा शेतकरीच मरतो. कोकणात फासकी लावतात, त्यात बिबट्या अडकतो. करंटला वाऱ्याची दिशा कळावी लागते का? फासकीला नर का मादी कळतं का? जोधपूरजवळच्या १९९८ च्या ज्या काळवीट केसवर देश वीस वर्षं चर्चा करत होता त्यात कुणी पोटावर सरकत गेलं होतं का, गाडीच होती ना? चोरट्या शिकारीला हे ज्ञान लागतच नाही, ते नसल्यामुळेच ती एवढी आंधळी आहे. उलट चोरटा पकडायचा असेल तर बीट गार्डला हेच लागतं, कुठल्या वाटेवर फासकी लागेल हे त्यालाच कळणार ज्याला जनावराची वाट कळते.

त्याच केसमधून बिश्नोई लोकांचं उदाहरण पुढे केलं जातं आणि ते खरंच वजनदार आहे. बिश्नोई हरीण मारत नाहीत, त्यासाठी भांडतात, आणि तरी त्यांना काळविटाची नस न् नस माहीत. म्हणजे ज्ञानासाठी शिकार लागतेच असं नाही. बरोबर! मी दुसरं काय म्हणतोय? ज्ञानाला मारण्याची गरज नाही, पण जनावराच्या रोजच्या सहवासाची गरज आहे आणि ते सांगायला-ऐकायला माणसं लागतात. बिश्नोयांकडे ती साखळी धर्मामुळे टिकली. आमच्याकडे ती शिकारीमुळे होती, शिकार गेली, साखळीला दुसरा आधार कुणी दिला नाही.

ज्ञान ठेवून बंदी घालता येते हे काही मी आज शोधलेलं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे, त्यात पिशुन नावाचा आचार्य म्हणतो जुगारापेक्षा शिकार वाईट, कौटिल्य म्हणतो नाही, शिकारीत निदान व्यायाम होतो, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो आणि मृगांचं 'चित्तज्ञान' होतं, म्हणजे ते भितात कधी, चिडतात कधी हे कळतं. चित्तज्ञान! काय शब्द आहे. आणि त्याच ग्रंथात दुसरीकडे अभय दिलेल्या वनातल्या मृग-पक्ष्यांना बांधलं किंवा मारलं तर सगळ्यात वरचा दंड सांगितलाय. एकाच माणसाला दोन्ही गोष्टी एका वेळी डोक्यात ठेवता आल्या. आपल्याला का जमू नयेत? पुढे अशोक. त्याने आठव्या शिलालेखात लिहिलं की पूर्वी राजे विहारयात्रेला जायचे, त्यात मृगया असायची, मी धम्मयात्रा सुरू केली. या आठव्या लेखाचाच एक तुकडा आपल्या नालासोपाऱ्यात १८८२ ला सापडला, भगवानलाल इंद्रजींना, म्हणजे शिकार सोडल्याची जाहिरात महाराष्ट्रात दगडावर लागली होती. पण अशोकाचा पहिला लेख वाचा, तो तिथं कबूल करतो की स्वयंपाकघरात अजून दोन मोर आणि एक मृग रोज मारला जातो, मृग तर नेमाने नाही, आणि पुढे तेही बंद होईल. सम्राटालासुद्धा टप्प्याटप्प्याने जावं लागलं आणि त्याने ते लपवलं नाही, दगडावर कोरलं. आम्ही सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला पाच मिनिटं ऐकू शकत नाही.

आणि हे सगळं ज्ञान ज्यांच्याकडे खरं खोल होतं त्यांचं आपण काय केलं? राजाने हरीण मारलं की मृगया, साहेबाने मारलं की गेम, आणि पारध्याने मारलं की चोरी. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास लिहिला, त्यात राजाच्या करमणुकीत मृगयेचं आख्खं प्रकरण. अकबराच्या दरबारात पाळीव हरणाच्या शिंगांना जाळं बांधून जंगली नराशी झुंजायला सोडायचे, ते ऐन-ए-अकबरीत कौतुकाने लिहिलेलं. असल्या करामती गावोगाव करणाऱ्या फासेपारध्याचं नाव मात्र इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या यादीत गेलं. तो कायदा १८७१ चा, जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा. ३१ ऑगस्ट १९५२ ला यादीतून नाव निघालं, पण पोलिसाच्या आणि गावाच्या डोक्यातून अजून निघालेलं नाही, चोरी झाली की पहिली गाडी पालावर. त्यात वीस वर्षांनी त्यांचं उरलंसुरलं पोट होतं ते नव्या कायद्याने बंद झालं, योग्य कारणाने बंद झालं, पण बदल्यात काय दिलं? काहीजण वाघाच्या तस्करीच्या टोळ्यांना जाऊन मिळाले, हेही खरं आहे, त्याला मी पांघरूण घालणार नाही. पण दुसरंही घडलंय. अकोला-वाशिमकडे फासेपारध्यांनीच तणमोरासाठी गवताळ माळ राखायचं काम केलंय, ज्या पक्ष्याला पकडायचे त्याचे राखणदार झाले. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पर्यटकांना पायी जंगल दाखवतात, माग वाचून दाखवतात. तेच डोळे, तेच कान. कुणीतरी त्यांना पगार दिला एवढाच फरक.

आता परंपरावाल्या पार्टीकडे वळतो, त्यांना फार वेळ मोकळं सोडलंय. त्यांचा आवडता दाखला अमेरिका. माझा मावसभाऊ मिशिगनला असतो, त्याचा शेजारी दर नोव्हेंबरात पोराला घेऊन हरणाच्या शिकारीला जातो, लायसन्स काढून, ट्रेनिंग कोर्स करून, केशरी जॅकेट घालून. मी त्याला फोनवर विचारलं की बाप पोराला काय शिकवतो, तर तो म्हणाला, वारा बघ, हलू नकोस, आणि गोळी लागली तर लगेच मागे धावू नकोस, अर्धा तास थांब. शब्दाला शब्द तात्या! एकाने दुसऱ्याला सांगायची शक्यता नाही, दोघांना हरणानेच शिकवलंय. आणि हेही मान्य की तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आली होती ती आज कोटींच्या घरात आहेत आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. मग आपण का नाही? कारण तिथे हरणं वाढली ती बाजारासाठी मारणं आधी बंद केलं म्हणून, शिकार उघडली म्हणून नाही. आणि तिथल्या बहुतेक भागांतून लांडगे, प्यूमा माणसाने संपवले, त्यामुळे हरणाला मारायला आता मुख्यतः माणूस आणि मोटार उरलेत. आपल्याकडे २०२२ च्या गणनेत एकट्या महाराष्ट्रात ४४४ वाघ, बिबटे तर त्याच्या कितीतरी पट. चितळ आणि सांबर हे त्यांचं ताट आहे. ते आपण उचललं तर ते आपल्या गोठ्यात येणार, मग परत आपणच ओरडणार.

पण शेतकऱ्याचं काय, हा प्रश्न राहतोच आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या शहरी प्राणीप्रेमींचा मला मनापासून राग येतो. रात्री जागल करून सकाळी डोळा लागला आणि तेवढ्यात तीसेक हरणांनी उगवलेलं सोयाबीन शेंडा शेंडा खुडलं, हे ज्याने बघितलंय त्याला 'सहजीवन' शिकवायला जाऊ नका. आमच्याकडे रेहेकुरीचं अभयारण्य १९८० चं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, हरणं काय कुंपणाच्या आत थांबणार आहेत? येवल्याकडे ममदापूर, सोलापूरकडे माळरान, सगळीकडे तीच रड. नुकसानभरपाई मिळावी, वेळेवर मिळावी, यात वाद नाही. पण गोळी हा उपाय आहे का? रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, परवानगी घेऊन मारायची तरतूद आपल्याकडे आहेच, तिने प्रश्न सुटला का? बिहारमध्ये मोकामाला जून २०१६ मध्ये हैदराबादचे शूटर आणून काही दिवसांत दोनशेच्या वर नीलगायी मारल्या, दोन केंद्रीय मंत्री जाहीर भांडले, आणि नंतरच्या वर्षांतही तिकडे शूटरांचीच भाषा चालू राहिली. भाड्याच्या शूटरला तो कळप कुठून येतो, कुणाच्या मागे चालतो, काय माहीत? त्याने समोर दिसलं ते पाडलं. तात्यांच्या मते कळपाला वाट दाखवते जुनी मादी, ती पाडली की कळप फुटतो आणि एका रानाऐवजी चार रानांत घुसतो.

याच्या उलट मध्य प्रदेशात बघा. शाजापूरकडे ऑक्टोबर २०२५ ला शेतात घुसणारी शेकडो काळविटं पकडून दुसरीकडे नेऊन सोडली, एकही गोळी न झाडता. पद्धत कुठली? बोमा. नरसाळ्यासारखं दोन बाजूंनी आडोशाचं कुंपण, तोंडाला रुंद, शेवटी अरुंद, आणि कळपाला हळूहळू, घाबरवून न सोडता, त्यात रेटायचं, इथे हेलिकॉप्टरने. पेपरांनी 'आफ्रिकन तंत्र' म्हणून छापलं. मी तात्यांना मोबाइलवर दाखवलं, ते दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो तर हाका हाय." हाकाच आहे! कळप रेटणारे हाकारे, वाघर म्हणजे जाळं, अरुंद तोंड, सगळं तेच, फक्त शेवटी बंदुकीच्या जागी ट्रक उभा. आपल्याच आजोबांचं तंत्र आपण गुन्हा म्हणून विसरलो आणि विमानाने परत मागवलं. त्या हेलिकॉप्टरचा खर्च सगळ्या तालुक्यांना परवडणार आहे का, का कधीतरी चार म्हाताऱ्यांना विचारणार की कळप कुठल्या बाजूने रेटला की वळतो? शेतकऱ्यालाही यातलं बरंच घेता येतं. बुजगावणं एका जागी चार दिवस राहिलं की हरणाला ते झाड वाटतं, त्याची जागा बदलत राहायची. जुन्या साड्या चारी बाजूंना बांधण्यापेक्षा ज्या वाटेने कळप येतो तिथे आधी, आणि वाट कुठली हे धुळीतले खूर सांगतात. धूर करायचा तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला. हे कुंपणाच्या तारेत हलका विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनला पर्याय नाही, पण मशीन कुठे लावायचं हे तरी यातून कळतं.

एक कबुली राहिली. हे तोंडी ज्ञान सगळंच खरं असतं असं नाही. पंजाच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत अनुभवी डोळ्यांवरच उभी होती, 'मला ठसा ओळखता येतो' यावर, आणि २००४-०५ ला राजस्थानातल्या सरिस्कात कळलं की कागदावर वाघ आहेत, जंगलात एकही नाही. तात्याही मला म्हणाले की अमावास्येला हरीण झोपत नाही, ते मी वहीत प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंय. पण तपासायला तरी आधी लिहून घ्यावं लागेल ना? जे लिहिलंच नाही ते चूक का बरोबर हे कुणाला आणि कधी कळणार?

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आणि कोरडी आहे. वनरक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये माग काढण्याचे पंधरा दिवस ठेवा आणि ते शिकवायला पारधी समाजातली जुनी माणसं बोलवा, मानधन देऊन, प्रवासभाडं देऊन, खुर्ची देऊन. तालुक्याच्या वाचनालयांनी ऐंशीच्या पुढच्या शिकाऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं, फास आणि खटक्याचा भाग काढून बाकीचं ठेवावं. मी हे एका वन अधिकाऱ्याला बोललो, भला माणूस, त्याला पटलंही. मग तो म्हणाला, सगळं ठीक आहे हो, पण ज्याच्या नावावर शिकारीचा जुना गुन्हा आहे त्याला मानधन द्यायचं तर कुठल्या हेडखाली दाखवू, ऑडिटवाले मला सोडतील का? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. वाचनालयाने मात्र पुढच्या महिन्यात तात्यांना परत बोलवायचं कबूल केलंय, या वेळी व्हिडिओ बंद ठेवून.